एका सामन्यात सीझन संपतो! छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघामागे अख्खं कॅम्पस कसं उभं करायचं? (नागपूर)

उजवा_विंगर
नमस्कार मंडळी. नागपुरातलं लहान कॉलेज. विद्यार्थी नऊशेच्या आसपास, फुटबॉलला नियमित येणारे १६. मैदान आहे, पण मुरमाचं, आणि एका कोपऱ्यात दुचाक्या लागतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा धरली तर ती बाद पद्धतीची. पोरं पावसाळ्यापासून सकाळी सहाला मैदानावर असतात आणि एखाद्या दुपारी सगळं आटोपतं. त्या दुपारी कॉलेजातून बघायला दहा जण जरी आले तरी खूप.

विचारायचं ते हे: सीझन लांबवायचा कसा? सोळाच पोरांत संघ टिकवायचा कसा? आणि उरलेल्या कॉलेजला हा संघ आपला वाटावा यासाठी नेमकं काय करायचं? बॅनर, टी-शर्ट, "चलो मैदान" वगैरे सोडून सांगा. कामाचं सांगा.

फळा_खडू
आधी गणित मांडा. १६ संघांची बाद स्पर्धा म्हणजे १५ सामने, आणि ८ संघ एकच सामना खेळून घरी. पद्धतच तशी आहे, तिच्यावर रुसून उपयोग नाही. सीझन विद्यापीठाने द्यायचा नसतो, तो कॉलेजने आपल्या मैदानावर घडवायचा असतो.

सोपा मार्ग म्हणजे आंतरवर्ग लीग. सहा संघ, सात-सातचा खेळ, प्रत्येक संघात ९ जण. ५४ पोरं झाली. कॉलेज संघाचे जास्तीत जास्त ३ खेळाडू एका संघात, म्हणजे तुमचे १६ सहाही संघांत वाटले जातात. प्रत्येकाशी एकदा असे १५ सामने. २०-२० मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५ मिनिटं, संघ बदलायला १५ मिनिटं, म्हणजे सामन्याला एक तास. शनिवारी सकाळी ७ ते १० तीन सामने. पाच शनिवारांत लीग पूर्ण.

वेळापत्रक असं बसवा: वरच्या ओळीत १, २, ३ लिहा, खालच्या ओळीत ६, ५, ४. समोरासमोरचे खेळतील: १-६, २-५, ३-४. पुढच्या शनिवारी १ जागेवर ठेवून बाकीचे घड्याळाच्या दिशेने एक घर सरकवा: १-५, ६-४, २-३. पाच फेऱ्यांत कोणाचीही गाठ दुसऱ्यांदा पडत नाही.

वऱ्हाडी_ठसका
भाऊ, लीग-बीग मंग करा, पयले जमीन पाहा. मुरमाच्या मैदानावर पोरगं एकदा घसरलं का गुडघ्याची सालं जाते, आन् दुसऱ्या दिवशी त्याची माय त्याले येऊ देत नाई. सोळाचे अकरा असेच होते.

मैदान_आखणी
@वऱ्हाडी_ठसका शंभर टक्के. मुरमावर घसरायला होतं कारण खालचा थर दबून कडक झालेला असतो आणि वर बारीक खडी सुटी पडलेली असते. ती पायाखालून घरंगळते. त्यामुळे:

आठवड्यातून एकदा दंताळ्याने सुटी खडी ओढून मैदानाबाहेर काढा. संध्याकाळी पाणी मारा, रोलर सकाळी फिरवा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावी, पण हाताला चिकटू नये, तेव्हाच रोलर. ओल्या गच्च मैदानावर फिरवला तर माती रोलरलाच उचलून येते. गोलसमोरचा आणि पेनल्टीच्या ठिपक्याचा भाग सगळ्यात आधी खचतो. तिथला खड्डा सराव संपल्याबरोबर भरा, उद्यावर टाकू नका.

काळ्या मातीचं मैदान असेल तर त्रास वेगळा. पावसात ती बुटाला लगडते, एकेक पाय जड होतो. पाणी साचलेलं असताना खेळलात तर बुटांचे जे खड्डे पडतात ते ऊन पडल्यावर तसेच कडक होतात, आणि घोटे मुरगळतात ते त्या वाळलेल्या खड्ड्यांत. म्हणून पाऊस थांबला की लगेच खेळायचं नाही. अंगठ्याने माती दाबून पाहा. पाणी वर आलं तर त्या दिवशी बॉल आतच ठेवा.

उजवा_विंगर
आखणी? आमच्याकडे दरवर्षी वाकडी होते. एका बाजूची डी, म्हणजे गोलसमोरची मोठी चौकट, दुसरीपेक्षा मोठी दिसते.

मैदान_आखणी
कारण काटकोन डोळ्याने काढलेला असतो. कोपऱ्यात खुंटी ठोका. लांबीच्या रेषेवर ४ मीटरवर दुसरी, रुंदीच्या रेषेवर ३ मीटरवर तिसरी. या दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर ५ मीटर आलं तर काटकोन. त्याहून चांगलं म्हणजे ९-१२-१५, कारण अंतर वाढलं की चूक लहान होते. सुतळीने मोजू नका, ती ताणते. टेप वापरा, सुतळी फक्त रेषेपुरती.

नंतर कर्ण मोजा. नियमातलं लहानात लहान मैदान ९० बाय ४५ मीटर. त्याचे दोन्ही कर्ण १०० मीटर ६२ सेंटीमीटर यायला हवेत. एक कमी, एक जास्त आला तर मैदान तिरकं आहे, पुढे जाऊ नका.

डी: दोन्ही खांबांच्या आतल्या कडेपासून बाजूला १६.५ मीटर आणि तितकंच पुढे. गोल ७.३२ मीटर रुंद, म्हणून डीची एकूण रुंदी ४०.३२. ठिपका ११ मीटरवर. त्याच ठिपक्यावर खिळा ठोकून ९.१५ मीटरची सुतळी फिरवा आणि डीच्या बाहेर जेवढी कमान पडते तेवढीच आखा. मधलं वर्तुळही ९.१५चं. रेषा १२ सेंटीमीटरपेक्षा जाड नको.

आणि फक्की. दुकानात मैदान आखायची फक्की मागा. कळीचा चुना चुकूनही नको. पाणी लागलं की तो तापतो, सोलवटलेल्या गुडघ्याला आणि डोळ्याला भाजतो.

शिट्टी_वाजली
पंच म्हणून भर घालतो. हलवता येणारे गोलपोस्ट असतील तर मागचा आडवा पाइप जमिनीत खुंट्यांनी पक्का करा, नाहीतर त्यावर वाळूची पोती टाका. आडव्या दांड्याला कोणी लटकू नये हे पहिल्या दिवशी सांगा. असे पोस्ट उलटून जगभरात मुलं दगावली आहेत.

आता कागद. लहान कॉलेजं मैदानापेक्षा टेबलावर जास्त हरतात. पात्रता अर्ज, दहावीची गुणपत्रिका किंवा जन्मदाखला, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची प्रवेशपावती, ओळखपत्र, फोटो, प्राचार्य आणि क्रीडा संचालकांच्या सह्या-शिक्के. हे सगळं जुलैतच एका फाइलला लावा, प्रत्येक खेळाडूचं वेगळं प्लास्टिक पाकीट करून. नावाचं स्पेलिंग दहावीच्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवा. आक्षेप तिथेच येतात. दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या मुलाचं स्थलांतर प्रमाणपत्र मागे राहतं, ते आधी मागवा.

शिन गार्ड (नडगीवरचं पॅड) नसेल तर पंच खेळू देणार नाही. ७ पेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूच होत नाही. सोळापैकी पाच आजारी आणि दोन गैरहजर असा दिवस येतो, म्हणून नावं देता येतील तेवढी सगळी द्या.

कामठी_लोकल
क्लबचा मुद्दा कोणी काढला नाही अजून. नागपूर-कामठीकडचे चांगले खेळाडू जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये कुठल्या ना कुठल्या क्लबकडून खेळतच असतात. कामठीत तर लष्करी छावणीच्या काळापासून फुटबॉल रुजलेलं, मोहल्ल्यामोहल्ल्यात बॉल. असा पोरगा कॉलेजकडून येतो तेव्हा थकून येतो. त्यावर ओरडण्यापेक्षा क्लबच्या प्रशिक्षकाशी थेट बोला, दोघांची वेळापत्रकं एका कागदावर ठेवा, आणि क्लबच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला कॉलेजच्या सरावात फक्त हलकं धावणं आणि पासिंग द्या. तोच पोरगा आंतरवर्ग लीगमध्ये एका संघाचा प्रशिक्षक होऊ शकतो. त्याला मान मिळतो, संघाला शहाणपण मिळतं.

फळा_खडू
@कामठी_लोकल मग कॉलेजनेच जिल्हा लीगच्या खालच्या गटात संघ उतरवला तर?

कामठी_लोकल
सोळा पोरांच्या कॉलेजने पहिल्या वर्षी उतरवू नये असं माझं स्पष्ट मत. खेळाडूची नोंदणी एका वेळी एकाच क्लबकडे असते. तुमचे चांगले चार जण आधीच दुसरीकडे नोंदलेले असणार, म्हणजे लीगला उरलेले बारा जाणार. मोठ्या फरकाने हरत राहिले की कॅम्पसचा उत्साह वाढायचा सोडून मावळतो. पहिलं वर्ष मैत्रीपूर्ण सामने घ्या. जवळची तीन कॉलेजं, प्रत्येकाशी एकदा त्यांच्याकडे, एकदा आपल्याकडे. सहा सामने झाले, आणि त्यातले तीन आपल्या प्रेक्षकांसमोर.

उजवा_विंगर
हे पटलं. घरचे तीन सामने कॉलेजला माहीत असलेल्या तारखांना ठेवता येतील.

डावा_पाय
सरावाबद्दल. फिफाचा '११+' हा वॉर्म-अप घ्या. तीन भाग, १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, आठवड्यातून निदान दोनदा. धावणं, मग ताकद-तोल-उडी, मग वेगात धावणं आणि दिशा बदलणं. पोरं मधला भाग कंटाळून सोडतात. गुडघा आणि मांडीची मागची शीर वाचते ती त्याच भागाने. उडीवरून उतरताना गुडघे आत वळतात का, हे समोर उभं राहून पाहा.

सोळा जणांत अकरा विरुद्ध अकरा होत नाही, तेव्हा आठ विरुद्ध आठ, अर्ध्या मैदानावर, ४ मिनिटांचे सहा डाव, मध्ये २ मिनिटं विश्रांती. बॉल जास्त वेळा पायाला लागतो. बाद सामन्यात पेनल्टी शूटआउटची वेळ येते, म्हणून प्रत्येक सरावाच्या शेवटी, दमलेल्या पायांनी, प्रत्येकाने दोन पेनल्टी. वहीत नोंद: कोण, कुठे मारली, आत की बाहेर. दोन महिन्यांत पहिली पाच नावं वहीच सांगते. गोलकीपरला लक्षात आणून द्या की किक मारली जाताना त्याच्या एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर, रेषेच्या वरच्या हवेत किंवा रेषेच्या मागे असायला हवा. मुरमावर त्याला पूर्ण पँट आणि कोपराला पॅड हवेतच.

बॉल: ५ नंबर, घेर ६८ ते ७० सेंटीमीटर. हवा भरताना सुईला ग्लिसरीनचा थेंब लावा. कोरडी सुई खुपसली की व्हॉल्व्हचं रबर चिरतं आणि मग रोज सकाळी बॉल बसलेला सापडतो. ओला बॉल उन्हात वाळवू नका, सावलीत ठेवा. मुरमावर धातूचे स्टड नकोत, बारीक रबरी दाण्यांचे बूट घ्या.

तर्री_पोहे
सामन्याआधी खायचं काय? आमच्या गावात सकाळी मैदान म्हटलं की तर्री-पोहेच आठवतात 🙂

डावा_पाय
पोहे चालतील, तर्री सामना संपल्यावर. साधे पोहे, दोन-अडीच तास आधी. तर्रीतलं तेल-तिखट पोटात रेंगाळतं आणि दुसऱ्या डावात वर येतं. एक तास आधी केळं. पाणी घटाघटा नको, दर १५-२० मिनिटांनी थोडं थोडं. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यापेक्षा मीठ वाढवायचं नाही. पावसाळी दमट हवेत घाम सुकत नाही, अंग तापत राहतं. आपल्याकडचे लोक फक्त मे महिन्याला घाबरतात, पण ऑगस्टच्या उघडिपीतही पोरं चक्कर येऊन बसतात.

वऱ्हाडी_ठसका
वीज कडाडली तं? आपल्या विदर्भात शेतात किती माणसं जाते दरसाल.

शिट्टी_वाजली
गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा, सगळे पक्क्या इमारतीत. झाडाखाली नाही, गोलपोस्टजवळ नाही, टिनाच्या शेडखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजा, मग बाहेर. मधे पुन्हा वाजलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर. प्रेक्षकांनाही हाच नियम.

मैथिली_पूर्व_नागपूर
सगळी चर्चा पोरांचीच चालली आहे. नऊशे विद्यार्थ्यांत निम्म्याच्या आसपास मुली असणार. संघ "आपला" वाटायचा तर त्यांना प्रेक्षक म्हणून बोलावून भागणार नाही. आंतरवर्ग लीगच्या त्याच पाच शनिवारी मुलींचे पाच-पाचचे दोन सामने बसवा, १५-१५ मिनिटांचे डाव. त्यासाठी लागतं काय? कडी लावता येईल अशी कपडे बदलायची खोली, चालू नळ असलेलं स्वच्छतागृह, ४ नंबरचे दोन बॉल नवशिक्यांसाठी, आणि वेळ अशी की बसने येणाऱ्या मुली पोचतील, म्हणजे सातला नाही, साडेआठला. संघ बाहेर नेताना सोबत महिला व्यवस्थापक हवी, ते नाव जुलैतच ठरवा. ऐन वेळी "मॅडम नाहीत" म्हणून प्रवेशिका मागे राहतात.

उजवा_विंगर
@मैथिली_पूर्व_नागपूर खरं आहे, माझ्या प्रश्नातच ते सुटलं होतं. खोली आहे, कडी नाही. सोमवारी कडी बसवून घेतो.

हिस्लॉप_रोड
थोडं विषयांतर. बाकी शहरांना सांगायला नागपूरकडे मोठं उदाहरण आहे. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक राहिलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केलं, त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. खेळाची सुरुवात मोठ्या स्टेडियमवर झाली नव्हती. कॉलेजच्या भिंतीबाहेरची पोरं रविवारी आपल्या मैदानावर खेळू शकली तर मैदान वर्षभर जिवंत राहतं. कुंपणाला कुलूप लावून मैदान राखलं जात नाही, त्यावर गवत आणि गाड्या वाढतात.

जीएस_माजी
कॅम्पसबद्दल नेमकं सांगतो. लोक बघायला येत नाहीत कारण तिथे त्यांना काही काम नसतं. काम द्या. घरच्या एका सामन्याला लागणारी माणसं मोजा: आखणीला ६, बॉल परत आणायला ६, पाण्याला ४, प्रथमोपचार आणि स्ट्रेचरला ४, गुणलेखनाला २, समालोचनाला २, फोटोला २, दोरीजवळ ८, ढोल-ताशाला १०. झाले ४४. प्रत्येकजण दोन मित्र आणतो. एनएसएस आणि एनसीसीची पोरं दोरी आणि स्ट्रेचरला उत्तम. नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडा, एनएसएस, एनसीसी सहशैक्षणिक अभ्यासक्रमात येतात, तेव्हा त्या विभागांशी बोलून हजेरी धरायला लावा.

निकाल फलकावर त्याच दिवशी, खडूने, मोठ्या अक्षरात: स्कोअर, गोल करणाऱ्याचं नाव आणि वर्ग. "बी.कॉम. दुसरं वर्ष" हे वाचून तो अख्खा वर्ग फलकासमोर उभा राहतो. व्हॉट्सॲपवरची पोस्ट खाली सरकून जाते, कँटीनच्या वाटेवरचा फळा सरकत नाही.

प्रेक्षक बाजूरेषेपासून ३ मीटर मागे, दोरीच्या आड. ढोल वर्ग चालू असताना नाही. बाहेरचा सामना यशवंत स्टेडियमला पडला तर मेट्रोने झाशी राणी चौक किंवा सीताबर्डी गाठून सगळे एकत्र चालत जा. तीस जण एका रंगात चालत निघाले की तिथूनच सामना सुरू होतो.

वऱ्हाडी_ठसका
घोषणा आपली पायजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हंजे रोगराई घेऊन जाणारा पुतळा, निघते तवा आख्खं नागपूर वरडते, "घेऊन जा गे मारबत!" तेच मैदानावर लावा.

मैथिली_पूर्व_नागपूर
घोषणा जोरदार, पण समोरच्या संघाच्या नावाने नको. तेही आपल्यासारखेच सकाळी सहाला उठलेले. "खोकला-ताप घेऊन जा गे मारबत" म्हणतो तसं "मुरगळ-पेटके घेऊन जा गे मारबत!" म्हणा. दोन्ही संघांची पोरं हसत हात मिळवतील.

वऱ्हाडी_ठसका
हे लय भारी. पटलं.

शिट्टी_वाजली
पंचांच्या वतीने धन्यवाद 🙏 शिवीगाळ करणारा गट असेल तर सामना थांबवता येतो, आणि नुकसान खेळणाऱ्यांचंच होतं. समालोचकाला आधीच सांगा: खेळाडूच्या नावापुढे जात, गाव, शरीर यावर एक शब्द नाही.

उजवा_विंगर
मंडळी, कच्चा आराखडा: जुलैत फाइल आणि मैदान. ऑगस्टमध्ये पाच शनिवार लीग, पोळा मधे आला तर एक शनिवार पुढे. मुलींचे सामने त्याच दिवशी साडेआठला. त्यानंतर विद्यापीठ स्पर्धेची तारीख लागेपर्यंत तीन घरचे, तीन बाहेरचे मैत्रीपूर्ण सामने. म्हणजे स्पर्धेचा पहिलाच सामना हरलो तरी लीगचे १५ आणि मैत्रीपूर्ण ६ असे मुलांचेच २१ सामने होऊन गेलेले असतील. काही सुटलं का?

डावा_पाय
सत्र परीक्षा. अंतर्गत चाचण्यांच्या तारखा आधी मागवा आणि त्या आठवड्यात एकच सराव ठेवा. ऑन-ड्यूटी पत्र सामन्याच्या आधी विभागप्रमुखांकडे, नंतर नाही. उपस्थितीवरून पोरगं अडलं की पुढच्या वर्षी घरचे सोडत नाहीत.

उजवा_विंगर
नोंदवलं. शेवटचा प्रश्न, खरेदीला निघालोय: ९० बाय ४५ला फक्की किती आणू?

मैदान_आखणी
सगळ्या रेषा, वर्तुळ, दोन्ही डी, गोल एरिया, कमानी आणि कोपरे मिळून साधारण ६२० मीटर होतात. आधी एकच पोतं आणा. त्यातली फक्की डब्यात तोलून घ्या, १० मीटर आखा, उरलेली पुन्हा तोला. जो फरक येईल त्याला ६२ ने गुणा. जमीन खडबडीत असेल तर जास्त खाते, रोलर फिरवल्यावर कमी. म्हणून रोलर आधी.